यंत्रावाचून गोठवा इटलीचे बदामी मिष्टान्न



लग्नाच्या जेवणात शेवटी येणारा 'कसाटा' आपण सर्वांनी खाल्ला आहे. अर्धगोल वडी, आत रंगीत थर, काठाला केकची पातळ पट्टी आणि मधे काजू-पिस्त्याचे तुकडे. हा कसाटा मूळचा इटलीचा, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्या देशाच्या दक्षिणेस सिसिली नावाचे बेट आहे. तिथे 'कसाता' म्हणजे मेंढीच्या दुधापासून केलेल्या मऊ, पनीरासारख्या पदार्थाचा, बदामाच्या गोड लगद्याने मढवलेला केक. त्याच नावाचा गोठवलेला प्रकार पुढे निघाला आणि हिंडत हिंडत आपल्या मांडवापर्यंत येऊन पोचला.

आज मी तुम्हाला कसाट्याची नव्हे, तर त्याच्या घरगुती बहिणीची कृती सांगणार आहे. तिचे नाव सेमीफ्रेद्दो. इटालियन भाषेत 'सेमी' म्हणजे अर्धे आणि 'फ्रेद्दो' म्हणजे गार. अंडी, साखर, दुधाची दाट साय आणि खरपूस बदाम यांचे हे मिष्टान्न वडीसारखे कापून वाढतात. ते आइस्क्रीमइतके दातांना झोंबत नाही, म्हणून ते 'अर्धे गार'. मुख्य गोष्ट अशी की, ते करायला आइस्क्रीमचे यंत्र लागत नाही.

शेतीखात्याच्या माणसाने माती-खते सोडून ही पाककृतीची उठाठेव कशाला करावी, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर साधे आहे. यात लागणारे दूध गोठ्यातले, अंडी परसातल्या कोंबड्यांची आणि बदामाऐवजी काजू किंवा शेंगदाणा घेतला तर तोही आपल्या शेतातला. मे महिन्यात मुलाबाळांनी घर भरते, पाहुणे येतात. मुले रस्त्यावरच्या रंगीत बर्फाच्या कांड्यांसाठी हट्ट धरतात. त्या कांड्यांचे पाणी कुठले, रंग कुठला, हे आपल्याला कळत नाही. घरी केलेल्या पदार्थात काय घातले ते आपल्याला माहीत असते. पण घरचे म्हणून ते आपोआप निर्धोक होत नाही. हा धडा मी स्वतः चूक करून शिकलो आहे. ती चूक आधी सांगतो, म्हणजे पुढच्या सूचना मी इतक्या आग्रहाने का देतो ते तुमच्या ध्यानात येईल.

माझी चूक

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा भाचा शेतीच्या उच्च शिक्षणासाठी इटलीत, तुरीन शहरी गेला होता. सुट्टीत आला तेव्हा त्याने या पदार्थाची कृती एका कागदावर उतरवून आणली. आम्ही दोघांनी उत्साहाने घाट घातला. कागदावर लिहिल्याप्रमाणे कच्च्या अंड्यांचे पिवळे बलक साखरेत फेटले, पांढरे फेटले, सायीत मिसळले आणि सगळे गोठवले. चव उत्तम झाली. घरातील सर्वांनी ताव मारला.

दुसऱ्या रात्री पाच जणांना जुलाब, उलट्या आणि ताप सुरू झाला. आम्ही तरणी माणसे तीन दिवसांत सावरलो. पण माझी आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. तिला दोन रात्री दवाखान्यात ठेवून सलाईन लावावे लागले. डॉक्टरांनी काय काय खाल्ले ते विचारले आणि कच्च्या अंड्यावर बोट ठेवले. मी शेतकऱ्यांना कुक्कुटपालनाचे धडे देणारा माणूस. साल्मोनेला नावाचे रोगजंतू कोंबडीच्या विष्ठेतून अंड्याच्या कवचावर आणि कधी कधी अंड्याच्या आतही असतात, हे मी शेकडो वेळा सभेत सांगितलेले. घरात मात्र विसरलो! गोठवल्याने जंतू मरत नाहीत, ते फक्त झोपी जातात. पोटात गेले की जागे होतात.

म्हणून पुढील कृतीत अंडी कच्ची नाहीत. ती तापवून घेतलेली आहेत. चवीत तसूभरही उणेपणा येत नाही.

यंत्राचे काम हवा करते

आता यंत्राशिवाय हे कसे जमते ते समजून घेऊ. नुसते दूध-साखर डब्यात भरून गोठवले तर काय होते? दुधातल्या पाण्याचे मोठमोठे खडे होतात आणि वडी दगडासारखी लागते. आइस्क्रीमचे यंत्र गोठतानाच मिश्रण सतत ढवळते. त्यामुळे बर्फाचे कण बारीक राहतात आणि आत हवा मिसळली जाते. आपल्याकडील कुल्फीची युक्ती निराळी. तिथे दूध आटवून पाणीच कमी करतात.

सेमीफ्रेद्दोची युक्ती तिसरीच. त्यात हवा आधीच भरून ठेवतात. फेटलेली साय, फेटलेला बलक आणि फेटलेला पांढरा भाग या तिन्हींत हवेचे असंख्य बुडबुडे असतात. बर्फाच्या कणांना एकमेकांना चिकटून मोठे व्हायला जागाच राहत नाही. साखरेमुळे सगळे पाणी एकदम गोठत नाही आणि सायीतल्या स्निग्धांशाने मऊपणा येतो.

तो पदार्थ जिभेला कमी गार का लागतो, याचे उत्तर आपल्या गोधडीत आहे. गोधडीच्या थरांत हवा अडकलेली असते, म्हणून अंगाची ऊब बाहेर जात नाही. तसेच या वडीतील हवा जिभेची ऊब भराभर ओढून घेत नाही. म्हणून ती बोचत नाही आणि ताटलीत लवकर पाघळतही नाही.

दाणा पिकवणाऱ्यांची गोष्ट

या मिष्टान्नाचा जीव त्यातल्या दाण्यात आहे. इटलीत प्रांताप्रांताप्रमाणे दाणा बदलतो. सिसिलीत आव्होला आणि नोतो या गावांच्या आसपास बदाम होतो. एत्ना नावाच्या जागृत ज्वालामुखीच्या उतारावर ब्रोंते गाव आहे, तिथला हिरवागार पिस्ता प्रसिद्ध. लाव्हारसाच्या काळ्या खडकात ही झाडे रुजलेली आहेत. नांगर चालणे तर दूरच, पुष्कळ ठिकाणी माणसाला धड उभेही राहता येत नाही. पिस्त्याची लागवड तिथे अरबांनी रुजवली, असे मानतात.

कोकणातल्या आंबा बागायतदारांना ऐकून नवल वाटेल, पण ब्रोंतेचा पिस्ता आपल्या हापूससारखाच वर्षाआड भरभरून येतो. तिथे विषम सनाच्या वर्षी तोडणी होते. मधल्या वर्षी थोडाफार मोहोर येऊ पाहतो, तो शेतकरी हातांनी खुडून टाकतात. झाडाला विश्रांती मिळते, पुढल्या हंगामाला जोर येतो आणि किडीची साखळीही तुटते. या पिस्त्याला युरोपीय संघाचे उगमस्थानाचे मानांकन मिळालेले आहे.

उत्तरेस पिएमोंते प्रांतात लांगे नावाच्या टेकड्या आहेत. तिथे हेझलनट पिकतो. हा हरभऱ्यापेक्षा मोठा, गोल, कठीण कवचाचा दाणा. भाजला की त्याला फार सुरेख वास येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत कोकोची टंचाई होती. तेव्हा आल्बा गावच्या पिएत्रो फेरेरो या मिठाईवाल्याने थोड्या कोकोत भरपूर हेझलनट घालून १९४६ साली एक गोड वडी विकायला काढली. त्यातूनच पुढे १९६४ साली जगभर खपणारे न्युटेला निघाले. त्या कारखान्याने टेकड्यांवरच्या गावांतून मजुरांना आणण्या-नेण्यासाठी बसगाड्या ठेवल्या. माणसे दिवसा कारखान्यात काम करीत आणि मुक्कामाला आपल्या गावी, आपल्या शेतावर राहत. त्या काळी लांगेतली पुष्कळ तरुण मंडळी तुरीनच्या मोटार कारखान्यांकडे निघून जात होती. ज्यांना गावातच राहून शेत सांभाळता आले, त्यांना या दाण्याने हात दिला.

यातला मुद्दा आपल्या कामाचा आहे. नुसता दाणा पोत्यात भरून विकणारा शेतकरी भावाच्या चढउतारावर जगतो. त्या दाण्याला जेव्हा गावाचे नाव, ठरलेली प्रत आणि त्यापासून होणारा पदार्थ मिळतो, तेव्हा त्याची किंमत वाढते. आपल्याकडेही वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. लोणावळ्याची चिक्की तर सर्वांना ठाऊकच आहे.

क्रोक्कान्ते म्हणजे इटलीची चिक्की

चिक्कीचे नाव निघाले ते बरे झाले. सेमीफ्रेद्दोत जो बदाम घालतात तो साधा नसतो. साखर तांबूस होईपर्यंत वितळवून त्यात भाजलेले बदाम घालतात, थापतात आणि गार झाल्यावर कुटतात. याला तिकडे क्रोक्कान्ते म्हणतात. थोडक्यात, ही साखरेची बदाम-चिक्कीच.

त्यांच्याकडे तोर्रोने नावाची आणखी एक वडी असते. मध, अंड्याचा पांढरा भाग आणि बदाम एकत्र शिजवून ती करतात. क्रेमोना शहर तिच्यासाठी नावाजलेले आहे. १४४१ साली त्या शहरात फ्रान्चेस्को स्फोर्झा आणि बियांका मारिया विस्कोंती यांचे लग्न झाले. त्या लग्नात शहरातील उंच मनोऱ्याच्या आकाराची तोर्रोने वाढली, अशी आख्यायिका आहे. लग्न खरे, वडीची कथा लोकांनी रचलेली असावी. याच क्रेमोनाच्या आसपासच्या गोठ्यांतून आज आपल्या पंजाबची पुष्कळ माणसे गाईंच्या धारा काढतात, हे मात्र खरे आहे. काही घरी क्रोक्कान्तेऐवजी तोर्रोनेचा चुरा घालून सेमीफ्रेद्दो करतात.

साहित्य (आठ ते दहा वड्यांसाठी)

क्रोक्कान्तेसाठी : सालीसकट बदाम १०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, थाळ्याला लावायला थोडे तूप.

मिश्रणासाठी : ताजी अंडी ३, साखर १२५ ग्रॅम (बलकासाठी ५० आणि पांढऱ्यासाठी ७५), दूध २ मोठे चमचे, दाट क्रीम ३०० मिलिलिटर, चिमूटभर मीठ, असल्यास थोडा व्हॅनिला अर्क.

भांडी : दीड लिटर मावेल असा आयताकृती डबा, हाताने फिरवायचा बीटर, दोन पातेली आणि दुधाचा तापमापक. तापमापक महाग नसतो. दूध संस्थेतही पाहायला मिळतो. एक घरात असावाच.

बदाम परवडत नसेल तर काजू घ्या. खरपूस भाजून, साले काढलेला शेंगदाणाही चालतो. मात्र दाणा निवडून घ्या. बुरशी आलेला, काळा पडलेला, सुरकुतलेला किंवा खवट दाणा बाजूला काढा. बुरशीमुळे तयार होणारे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष यकृताला घातक असते आणि ते घरच्या भाजण्याने जात नाही. तसेच कडू बदाम अजिबात वापरू नका. त्यांच्यापासून पोटात सायनाइडसारखे जहाल विष तयार होते.

क्रीमबद्दल थोडेसे

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. फेटून फुगण्यासाठी क्रीममध्ये निदान ३५ टक्के स्निग्धांश हवा. बाजारात भाजीत किंवा फळांवर घालायला मिळणारी क्रीम बहुधा २५ टक्क्यांची असते. ती कितीही फेटली तरी उभी राहत नाही. पाकिटावरील आकडा वाचून घ्या.

तापवलेल्या दुधावर रोज जमणारी साय या कामाची नव्हे. तिच्यात गाठी असतात. तिचे लोणीच करावे. गावातील डेअरीत साय वेगळी काढण्याचे यंत्र असेल, तर तिथून ताजी दाट क्रीम मिळेल. पण ती कच्च्या दुधाची असल्याने तशीच वापरू नका. मंद आचेवर ढवळत ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा, पातेले लगेच गार पाण्यात ठेवा आणि मग रात्रभर फ्रीजमध्ये राहू द्या. तापवल्याने रोगजंतू मरतात आणि रात्रभर गार झाल्याने क्रीम नीट फुगते.

क्रीम, भांडे आणि बीटर तिन्ही थंडगार असू द्या. मी पहिल्यांदा दुपारी दोन वाजता, उकाड्यात क्रीम फेटायला बसलो होतो. पाहता पाहता ताक निराळे झाले आणि गोळा वर आला. सौ. म्हणाली, "अहो, इटलीचं राहू द्या. लोणी मात्र झकास काढलंत!" ताक घुसळणाऱ्या बायकांना हे शास्त्र पुस्तकाशिवाय कळते. ऊब लागली की स्निग्धांशाचे कण एकमेकांना बिलगतात. म्हणून हे काम पहाटे किंवा रात्री करा आणि भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून फेटा.

कृती

१. आदल्या दिवशी क्रोक्कान्ते करा. बदाम जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दहा-बारा मिनिटे परता. एक बदाम फोडून पाहा, आत फिकट तांबूस दिसला की पुरे. थाळ्याला तूप लावून ठेवा. कोरड्या कढईत साखर पसरून मंद आच द्या. सुरुवातीस ढवळू नका, कढईच हलवा. साखर वितळून मधाच्या रंगाची झाली की बदाम घाला, एकदा हलवा आणि लगेच थाळ्यावर ओता. रंग काळसर होऊ दिलात तर कडवटपणा येईल. हा पाक उकळत्या पाण्यापेक्षा फार जास्त तापलेला असतो. मुलांना चुलीपासून दूर ठेवा आणि चव पाहायला बोट घालू नका. गार झाल्यावर खलबत्त्यात कुटा. निम्मे डाळीएवढे, निम्मे रव्याएवढे असू द्या. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर हवेतल्या ओलाव्याने ते चिकट होते.

२. अंडी फोडून बलक आणि पांढरे वेगळे करा. तडकलेली किंवा विष्ठा लागलेली अंडी घेऊ नका. अंडी फोडल्यावर हात साबणाने धुवा.

३. एका पातेल्यात थोडे पाणी उकळत ठेवा. त्यावर दुसरे पातेले असे ठेवा की त्याचे बूड पाण्याला टेकणार नाही. वरच्या पातेल्यात बलक, ५० ग्रॅम साखर आणि दूध घालून सतत ढवळा. उष्णतामान ७१ ते ७५ अंशांवर येऊ द्या. तापमापक हाताशी नसेल तर उलथन्याच्या पाठीवर मिश्रणाचा थर बसतो का ते पाहा. त्यावर बोटाने रेघ ओढली आणि ती मोडली नाही, तर झाले. आता खाली उतरवून फेटत राहा. मिश्रण गार होईल, फिकट होईल आणि दुपटीपेक्षा जास्त फुगेल.

४. पांढरा भाग, ७५ ग्रॅम साखर आणि मीठ यांचेही असेच करा. वाफेवर ढवळत ७१ अंशांपर्यंत आणा, उतरवा आणि पांढरा, चकाकता, उभा राहणारा फेस येईपर्यंत फेटा. पातेल्याला तेलातुपाचा अंश किंवा बलकाचा थेंब लागलेला नसावा, नाहीतर फेस येत नाही. पांढऱ्या भागात शिजल्याची खूण डोळ्यांना दिसत नाही. म्हणून घरी तापमापक नसेल, तर ही पायरी सरळ गाळा आणि क्रीम ३०० ऐवजी ४०० मिलिलिटर घ्या. पांढरे दुसऱ्या दिवशीच्या पोळ्यात वापरता येतील.

५. गार क्रीम फेटा. बीटर उचलला की क्रीमचे टोक उभे राहून किंचित वाकले पाहिजे. तिथेच थांबा. आणखी फेटलेत तर लोणी निघेल.

६. आता मिसळणे. हे काम हलक्या हाताचे आहे. आधी बलक क्रीममध्ये मिसळा, मग पांढरा फेस, शेवटी क्रोक्कान्ते. दोन मूठभर क्रोक्कान्ते वरून पेरायला वेगळे ठेवा. घोटू नका. उलथने तळापासून वर आणून मिश्रण घडी घातल्यासारखे उलटवत जा. इतका वेळ कष्ट करून भरलेली हवा घोटण्याने निघून जाते.

७. डब्यात आतून जाड, स्वच्छ, खाद्यपदार्थांसाठीचा प्लास्टिकचा कागद काठाबाहेर येईल असा अंथरा. मिश्रण ओता, डबा एकदा हलकेच आपटा, वरून कागद झाका आणि झाकण लावा. आठ ते दहा तास गोठू द्या. रात्री ठेवले की दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला तयार.

८. वाढण्याआधी डबा दहा मिनिटे बाहेर ठेवा. कागद धरून वडी उपडी करा, वर राखलेला क्रोक्कान्ते पेरा आणि गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने बोटभर जाडीच्या वड्या कापा.

अंडी न चालणाऱ्या घरी

पुष्कळ घरी अंडे चालत नाही. त्यांनी ४०० मिलिलिटर दाट क्रीम फेटावी. तीत डब्यातले आटवलेले गोड दूध २०० ग्रॅम हलक्या हाताने मिसळावे आणि वरीलप्रमाणे क्रोक्कान्ते घालून गोठवावे. हे काही जुन्या रीतीचे सेमीफ्रेद्दो नव्हे, पण हवेची युक्ती तीच असल्याने वडी मऊ होते. पहिल्याच वेळी करणाऱ्यांनी यानेच सुरुवात केली तरी चालेल.

वीज नसेल तर

घरगुती फ्रीजरला उणे १८ अंश लागतात. एकदारी फ्रीजचा वरचा कप्पा बहुधा तिथवर जात नाही. अशा वेळी डबा उथळ घ्या, कप्पा सर्वांत थंड खुणेवर ठेवा आणि दार वारंवार उघडू नका.

भारनियमनाच्या गावी जुनी रीत कामी येते. पॉट आइस्क्रीम ज्यांनी फिरवले आहे त्यांना ती ठाऊक आहे. तीन भाग ठेचलेल्या बर्फात एक भाग खडे मीठ वजनाने मिसळले की ते मिश्रण उणे २० अंशांच्या जवळपास उतरते. बादलीला बाहेरून गोणपाट गुंडाळा. लिटरभराच्या दोन उभ्या स्टीलच्या डब्यांत मिश्रण भरून झाकणे घट्ट लावा आणि डब्यांभोवती सहा किलो बर्फ व दोन किलो मीठ थराथराने रचा. वरून पोते झाका. साठलेले पाणी अधूनमधून काढा आणि दोन तासांनी बर्फ-मीठ पुन्हा भरा. चार-पाच तासांत कापण्याजोगी वडी होते. यात हँडल फिरवावे लागत नाही, कारण हवा आधीच भरलेली आहे. बाजारचा बर्फ खाण्याचा नसतो, म्हणून तो वितळलेला थेंबही डब्यात जाऊ देऊ नका.

शेतीखात्याचा माणूस म्हणून आणखी एक सांगतो. ते खारट पाणी परसातल्या झाडाच्या बुंध्याशी किंवा शेतात ओतू नका. मिठाने जमीन बिघडते. ते मोरीत, भरपूर साध्या पाण्यासोबत सोडून द्या.

या चार गोष्टी विसरू नका

एक, कच्चे अंडे आणि न तापवलेली क्रीम नको. लहान मुले, गरोदर स्त्रिया, म्हातारी माणसे आणि आजारी यांना तर त्यातून मोठाच धोका.

दोन, वीज जाऊन वडी पूर्ण पाघळली आणि दोन तासांहून अधिक वेळ उबदार राहिली, तर ती फेकून द्या. पुन्हा गोठवून खाऊ नका. इतका खर्च नि कष्ट वाया गेले म्हणून जीव हळहळतो, मलाही हळहळ वाटली आहे. पण दवाखान्याचा खर्च त्याहून मोठा असतो.

तीन, नीट गोठलेली वडी आठवडाभरात संपवा. पुढे क्रोक्कान्तेचा कुरकुरीतपणा जातो.

चार, ज्यांना बदाम, काजू किंवा शेंगदाणा बाधतो, त्यांना आधी सांगा. काहींना त्याची एवढी वावडी असते की श्वास कोंडतो.

राहता राहिली माझ्या आईची गोष्ट. त्या आजारपणानंतर आमच्या घरात सेमीफ्रेद्दोचे नाव काढायची कोणाची छाती होत नव्हती, माझी तर नाहीच. पुढल्या उन्हाळ्यात नातवंडे जमली तेव्हा आईच म्हणाली, "अरे, तुझं ते इटलीचं पुन्हा कर की. पण या खेपेला नीट शिजव हो."

मी तापमापक घेऊन चुलीपाशी बसलो. ती शेजारी पाटावर बसून पारा किती चढला ते विचारीत होती. दुसऱ्या दिवशी तिने दोन वड्या खाल्ल्या. कोणाला काही झाले नाही. तेव्हापासून दर मे महिन्यात आमच्याकडे हा बेत असतो, आणि अंडी वाफेवर ठेवली की घरातले कोणी ना कोणी विचारतेच, "पारा किती चढला?"

तुम्हीही करून पाहा. पहिली वडी थोडी बिघडली तरी निराश होऊ नका. आपल्या भागात कोणता दाणा वापरला आणि तो कसा लागला, ते आम्हाला जरूर कळवा.